रोटॅक्स ९१२ : कूलंट कमी होतंय पण गळती दिसत नाही

गोदाकाठ: नमस्कार मंडळी, नाशिकलाच असतो. आमच्या दोन सीटच्या मायक्रोलाइटला (छोटं हलकं विमान) रोटॅक्स ९१२ इंजिन आहे. महिनाभर झाला, दर तीन-चार फ्लाइटनंतर कपभर कूलंट टाकावं लागतंय आणि शेडमध्ये खाली एक थेंब नाही. काल स्पार्क प्लग काढले तर तीन नंबरच्या सिलेंडरचा खालचा प्लग धुतल्यासारखा स्वच्छ, बाकीचे सगळे तांबूस. सिलेंडरवरचं हेड गेलं का?

पानाफिरकी: दादा, आधी उडवणं बंद करा. या इंजिनात कूलंट फक्त हेडमध्ये फिरतं, सिलेंडर हवेवर थंड होतो, म्हणजे आत पाणी आलंच तर संशय हेडवरच. आणि स्टार्टर अजिबात मारू नका, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन्ही इग्निशन ऑफ, खालचे प्लग बाहेर, मग प्रोपेलर हाताने सरळ दिशेनेच हळू फिरवा आणि भोकातून काय येतं ते बघा. ऑइल दुधाळ झालंय का तेही बघा.

सिन्नरकर: हेड उघडायच्या आधी कूलंटच्या पंपाखालचं बारकं भोक बघा, पंपाचं सील गेलं की तिथून कूलंट येतं, आणि गरम इंजिनावर ते वाळून जातं म्हणून खाली थेंब दिसत नाही, फक्त पांढरट डाग राहतो. होज क्लॅम्पचं पण तेच, निफाडला पारा उतरला की सकाळी गार इंजिनाला झिरपतात आणि गरम झाले की बंद. माझे दोन महिने यातच गेले. इंजिन पूर्ण गार असताना कूलंटचं झाकण काढून काटा असलेल्या हातपंपाने प्रेशर द्या, झाकणावर छापलंय तेवढंच, जास्त नाही, आणि तासभर काटा बघत बसा. काटा उतरला आणि बाहेर सगळं कोरडं असलं तर प्लगच्या भोकातून बोअरस्कोप (आत बघायचा बारीक कॅमेरा) घाला.

गोदाकाठ: केलं. पंपाचं भोक कोरडं, ऑइल स्वच्छ, काटा मात्र वीस मिनिटांत बराच खाली आला. बोअरस्कोपमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटजवळ हिरवट थेंब जमताना स्पष्ट दिसला.

पानाफिरकी: मग हेडच. लायसन्सवाल्या इंजिनिअरकडूनच काढून घ्या आणि तडा आहे का ते तपासून घ्या. वरून सीलंट लावून चालवा म्हणणारे भेटतील, ऐकू नका.

गोदाकाठ: शनिवारी येतायत ते. रबरी होजना पाच वर्षं होतच आलीत, तेही सगळे बदलून घेतो.