‘भारत एक खोज’ पुन्हा पाहताना प्रत्येक भागावर चर्चा कशी करावी?

प्रश्न

दर रविवारी सकाळी आम्ही घरातले पाचजण, म्हणजे माझे बाबा, आम्ही दोघे आणि नववी व अकरावीत शिकणाऱ्या दोन मुली, श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’ या मालिकेचा एक भाग एकत्र पाहतो आणि नाश्ता करता करता त्यावर बोलतो. १९८८ मध्ये ही मालिका दूरदर्शनवर सुरू झाली तेव्हा मी शाळेत होतो. त्या वयात तिच्यातले फार थोडे कळत असे, पण ‘सृष्टि से पहले सत नहीं था’ हे शीर्षकगीताचे शब्द कानावर पडले की हातातले काम टाकून आम्ही भावंडे टीव्हीसमोर येऊन बसत असू.

आता आठ भाग झाले आहेत आणि एक अडचण जाणवू लागली आहे. महाभारत आणि रामायण या विषयांवरच्या भागांपासून आमची चर्चा दर वेळी ‘हे खरेच असे घडले का?’ याच एका प्रश्नाशी येऊन अडते. धाकटीला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर हवे असते, बाबांना तो प्रश्नच अप्रस्तुत वाटतो, आणि एवढ्या मन लावून पाहिलेला भाग बाजूला राहून जातो. मालिकेचे एकूण ५३ भाग आहेत, म्हणजे दर आठवड्याला एक याप्रमाणे हे वर्षभर चालायचे आहे. ज्यांनी ही मालिका क्रमाने आणि सावकाश पुन्हा पाहिली असेल त्यांनी कृपया सांगावे, की चर्चेला सुरुवात कुठून करावी आणि काही भाग गाळले तर चालतील का?

पहिला प्रतिसाद

मी बरीच वर्षे शाळेत इतिहास शिकवला आणि ही मालिका दोनदा पूर्ण पाहिली आहे. आपल्या धाकट्या मुलीचा प्रश्न अगदी योग्य आहे, तो मुळीच दाबू नका. फक्त त्याच्या आधी ‘हे आपल्याला कोण सांगत आहे?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लावा. या मालिकेत सांगणारे एकाहून अधिक आहेत. रोशन सेठ यांनी साकारलेले नेहरू आपले विचार मांडतात, ओम पुरी यांचा आवाज निवेदन करतो, आणि पुष्कळ भागांत तिसरा सांगणारा एखादा जुना ग्रंथ किंवा लोककलावंत असतो. महाभारताच्या भागांत तीजनबाईंची पंडवानी, म्हणजे महाभारत गाऊन सांगण्याची छत्तीसगडची लोककला, आहे, ती याच कारणासाठी महत्त्वाची आहे. तिथे मालिका महाभारत घडताना दाखवत नाही, ते आपल्या लोकांनी कसे गायले हे दाखवते, आणि हे एकदा ध्यानात आले की बाबांचे आणि धाकटीचे म्हणणे एकमेकांच्या आड येत नाही.

पुढे ‘पद्मावत’चा भाग येईल, तेव्हा याचा फार चांगला उपयोग होतो. अलाउद्दीन खिलजीने चितोड घेतले ते १३०३ मध्ये, आणि मलिक मुहम्मद जायसी यांनी ‘पद्मावत’ हे काव्य लिहिले ते १५४० च्या सुमारास. भाग सुरू करण्याआधी ही दोन साले मुलींना एका कागदावर लिहून वजाबाकी करायला सांगा. मधली सव्वादोनशेहून अधिक वर्षे डोळ्यांसमोर असली की आपण कवीची कथा पाहत आहोत याचा विसर पडत नाही आणि तिच्या सौंदर्यालाही बाधा येत नाही.

आणखी एक गोष्ट मुलींना हेरायला सांगा. निवेदन करणारे ओम पुरीच सम्राट अशोक होतात, अलाउद्दीन होतात आणि औरंगजेबही होतात. सलीम घौस राम, कृष्ण आणि टिपू सुलतान या तिन्ही भूमिकांत दिसतात. समोर चालले आहे ते नाट्य आहे, ही जाणीव त्यामुळे सतत जागी राहते, आणि माझ्या मते या मालिकेचे खरे बळ त्यातच आहे.

दुसरा प्रतिसाद

मी नगरचा आहे, त्यामुळे थोड्या आपुलकीने लिहितो. ज्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ या पुस्तकावर ही मालिका आधारली आहे ते नेहरूंनी आमच्या भुईकोट किल्ल्यात, ऑगस्ट १९४२ पासून सुरू झालेल्या बंदिवासात लिहिले. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर एवढ्या अवधीत ते पुरे झाले आणि १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव असे सहकारी त्यांच्याबरोबर तिथेच होते, आणि पुस्तक त्यांनी या सहबंद्यांनाच अर्पण केले आहे. आरंभीच्या पानांत किल्ल्यातल्या बागकामाचे वर्णन आहे. माती खणताना जुन्या भिंतींचे अवशेष हाती लागतात आणि तिथून लिहिणाऱ्याचे मन चांदबिबीच्या काळाकडे जाते. माझी सूचना अशी की ही पाच-सहा पाने मोठ्याने वाचून मग पहिला भाग पुन्हा एकदा पाहावा. एक बंदिवान आठवून, विचारून, सोबत्यांशी बोलून हे सारे लिहीत आहे हे एकदा मनात ठसले, की मालिकेतली विधाने निकाल म्हणून ऐकू येत नाहीत, विचार म्हणून ऐकू येतात.

तिसरा प्रतिसाद

भाग गाळण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. साधारणपणे आपल्याकडे पहिली कात्री दक्षिणेच्या भागांना लागते, आणि तसे केले तर ‘शिलप्पदिकारम्’ या तमिळ महाकाव्याची नायिका कण्णगी मुलींना भेटणारच नाही. तिच्या नवऱ्याला राणीचे पैंजण चोरल्याच्या खोट्या आरोपावरून मारले जाते. राणीच्या पैंजणात मोती होते. कण्णगी भर दरबारात आपले पैंजण फोडते आणि त्यातून माणके विखुरतात, तेव्हा आपल्या हातून निरपराध माणूस मारला गेला हे पांड्य राजाला कळते. या प्रसंगावर आमच्या घरी जेवढे बोलणे झाले तेवढे अकबर-औरंगजेबांवरही झाले नाही.

क्रम मात्र एके ठिकाणी जरूर मोडावा. महात्मा फुले यांच्यावरचा भाग पाहण्याआधी जातींच्या निर्मितीवरचा चौथा भाग पुन्हा लावावा. चौथ्या भागात जे दुरून, हजारो वर्षांच्या अंतरावरून मांडले आहे, तेच १८४८ मध्ये मुलींची शाळा काढणाऱ्या आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापणाऱ्या माणसाच्या जगण्यातून समोर येते. फुल्यांच्या भूमिकेत सदाशिव अमरापूरकर आहेत, आणि तेही नगरचेच.

शेवटी एक विनंती. भाग संपला की लगेच टीव्ही बंद करू नका. आरंभी (‘सृष्टि से पहले…’) ऋग्वेदातले नासदीय सूक्त आहे तसे श्रेयनामावलीच्या वेळी हिरण्यगर्भ सूक्त आहे. दोन्हींचे हिंदी रूपांतर वसंत देव यांचे आणि संगीत वनराज भाटिया यांचे. दोन्ही सूक्तांत प्रश्न आहेत, आणि तुमच्या घरातली चर्चा तिथूनच सुरू करता येईल.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. या रविवारी नववा भाग न लावता आधी ती पाने वाचली आणि पहिला भाग पुन्हा पाहिला. सभेला जमलेले शेतकरी ‘भारतमाता की जय’ म्हणतात आणि नेहरू त्यांना विचारतात, की ही भारतमाता म्हणजे कोण. तिथे थोरलीने भाग थांबवला आणि तोच प्रश्न आम्हा प्रत्येकाला विचारला. बाबांनी बराच वेळ विचार करून आमच्या गावच्या विहिरीचे आणि तिच्यावर पाणी भरणाऱ्या माणसांचे नाव घेतले. भाग संपल्यावर टीव्ही सुरूच ठेवला होता. हिंदी शब्द चालू असताना बाबा मूळ संस्कृत ऋचा म्हणू लागले, ‘कस्मै देवाय हविषा विधेम’, आणि धाकटीने त्यांना ती वहीत लिहून द्यायला लावली.