मदत हवी आहे: नववीचे ६४ गुण टेक्सासमध्ये नापास धरले, २६ क्रेडिट कशी भरायची?

नमस्कार मंडळी,

मुलगी पुण्यातून स्टेट बोर्डाची दहावी झाली, इंग्रजी माध्यम, बेस्ट ऑफ फाइव्हने ९१.२० टक्के. जूनमध्ये आम्ही डॅलसच्या उत्तरेला एका उपनगरात राहायला आलो आणि ऑगस्टपासून ती इथल्या सरकारी हायस्कूलला अकरावीत जाते. टक्के चांगले म्हणून मी निर्धास्त होते. परवा शाळेच्या काउन्सेलरने (विषयनिवडीत मार्गदर्शन करणाऱ्या बाई) ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे सगळ्या वर्षांच्या विषयांच्या नोंदीची, प्रत हातात दिली आणि माझी झोप उडाली.

नववीला तिला सामाजिक शास्त्रांत ६४ आणि विज्ञानात ६८ होते. आपल्याकडे ३५ ला पास, ६० च्या वर प्रथम श्रेणी. टेक्सासात ७० च्या खाली नापास, विषय पूर्ण केल्याचं क्रेडिट मिळत नाही. त्यांनी आपला आकडा उचलून सरळ त्यांच्या पट्टीवर मोजला. दोन्ही विषय गेले. मी म्हटलं, अहो, हे प्रथम श्रेणीचे गुण आहेत. त्या बाई खरंच चांगल्या आहेत, पण म्हणाल्या, कागदावर तसं कुठे लिहिलंय? आणि खरंच लिहिलेलं नाही.

गणिताचं तर फारच वाईट वाटतं. नववी-दहावी दोन्ही वर्षं नुसतं 'मॅथेमॅटिक्स' लिहिलेलं, म्हणून एकच विषय दोनदा केला असं धरून अल्जिब्रा वनचं एक क्रेडिट दिलं. भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती, दोघांचे वेगळे ४०-४० गुणांचे पेपर असतात, हे गुणपत्रिकेवरून कळायला मार्गच नाही. आता ती स्वतःपेक्षा लहान मुलांबरोबर जॉमेट्रीच्या वर्गात बसते. काल जेवणाच्या टेबलावर गृहपाठाचा कागद माझ्यापुढे सरकवला. समरूप त्रिकोण, एका बाजूची लांबी काढा. "आई, हे आपल्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण आहे गं." उत्तरं पेनाने लिहिली होती, कुठे खाडाखोड नाही. ती तक्रार करत नाही, त्याचंच मला जास्त लागतं.

हिशोब असा आहे. वर्षभराच्या विषयाला १ क्रेडिट, सेमिस्टरला अर्धं. टेक्सासात साध्या डिप्लोमाला (बारावी पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र) २२ लागतात, एन्डॉर्समेंटसह, म्हणजे एखाद्या क्षेत्रातले जादा विषय घेऊन, २६. तिच्या शाळेत दिवसाला सात तास, म्हणजे दोन वर्षांत १४. भारतातून १२ यायला हवीत, मिळाली ८: मराठी २, इंग्रजी २, गणित १, विज्ञान १, सामाजिक शास्त्रं १, पीटी १. हिंदी कुठल्याच रकान्यात बसवली नाही. १४ आणि ८ मिळून २२. डिप्लोमा मिळेल हो, पण तिथेच पाय अडकतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टेक्सासात १९९७ च्या कायद्याने वर्गातल्या वरच्या १० टक्क्यांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश आहे. ऑस्टिनच्या यूटीला (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास) मात्र आधी ६ टक्के होते, २०२६ च्या प्रवेशापासून ५. 'वर्ग' म्हणजे इथे अख्खी बॅच. तिच्या बॅचला साडेसातशे मुलं, म्हणजे पहिली ३७. पण या थेट प्रवेशाला नुसता रँक पुरत नाही, डिप्लोमाची वरची 'डिस्टिंग्विश्ड लेव्हल' लागते, आणि त्या लेव्हलसाठी एन्डॉर्समेंट लागतं आणि अल्जिब्रा टू सुद्धा. म्हणजे पोरीने कितीही मान मोडून अभ्यास केला तरी चार क्रेडिट कमी म्हणून दार बंद.

माझे प्रश्न:
नववीचे गुण पुन्हा तपासायला लावण्यात कुणाला यश आलंय का? कुठला कागद चालला?
भारतातले विषय ट्रान्सक्रिप्टवर नुसते 'पी' (पास) म्हणून आलेत, गुण नाहीत. मग रँक कशावर लावतात? बाकीची मुलं नववीपासून ऑनर्स आणि एपी असे वरच्या पातळीचे विषय घेत आलीत, त्यांना जादा भार मिळतो.
हिंदीची दोन वर्षं ऐच्छिक विषय म्हणून धरून घेता येतील का?

कृपया "काळजी करू नका, होईल सगळं" असं सांगू नका. अनुभव सांगा.

प्रतिसाद
ताई, आम्ही ह्यूस्टनला, मुलाच्या वेळी हेच झालं. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडून लेटरहेडवर इंग्रजीत पत्र घ्या: ३५ उत्तीर्ण, ४५ द्वितीय, ६० प्रथम, ७५ विशेष प्रावीण्य. खाली सही, गोल शिक्का. गणितासाठी बालभारतीच्या इंग्रजी पुस्तकांच्या अनुक्रमणिका छापून जोडा, भाग १ आणि भाग २ वेगळ्या. समरूपता, पायथागोरस, वर्तुळ, त्रिकोणमिती एका पानावर दिसली की वेगळं समजवावं लागत नाही. विज्ञानाचंही तसंच, भाग २ मध्ये जीवशास्त्र आहे. काउन्सेलरकडे अडकून राहू नका. त्यांच्याकडे शेकडो मुलं असतात आणि परदेशी गुणपत्रिका वर्षातून एखादी येते. डिस्ट्रिक्टच्या (त्या भागातल्या सगळ्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) कार्यालयात लेखी अर्ज द्या. आमची तीन क्रेडिट वाढली, पण दोन महिने लागले.

प्रतिसाद
मी इथे शिकवते. पत्राची वाट बघत असतानाच 'क्रेडिट बाय एक्झाम'साठी, म्हणजे वर्गात न बसता परीक्षा देऊन क्रेडिट मिळवण्यासाठी, नाव द्या. विषय आधी शिकलेला असेल तर ७० ला क्रेडिट, न शिकलेल्याला ८० लागतात. 'आधी शिकलेला' अशीच नोंद करून घ्या. जॉमेट्री ती आठवड्याच्या तयारीत काढेल. डिसेंबरच्या आत झाली तर जानेवारीत अल्जिब्रा टूच्या वर्गात बसवा म्हणून मागता येईल.
'पी'ची धास्ती नको. सरासरीत ते धरतच नाहीत, त्यामुळे जीपीए (ग्रेडची सरासरी) खाली येत नाही. मात्र रँक द्यायला त्यांच्या शाळेतली किती सेमिस्टर पूर्ण लागतात, हे डिस्ट्रिक्टच्या नियमांत बघा. प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. आणि थेट प्रवेश म्हणजे विद्यापीठात प्रवेश, हव्या त्या शाखेत नव्हे. इंजिनियरिंग हवं असेल तर ते वेगळं लढावं लागेल.

धागाकर्ती
दोघींचेही मनापासून आभार. रात्री साडेदहाला, म्हणजे तिकडच्या सकाळी, पुण्याच्या शाळेत फोन केला. क्लार्कसाहेबांनी मुलीला नावानिशी ओळखलं. म्हणाले, मजकूर तुम्हीच टाइप करून पाठवा, गुरुवारी बाईंची सही घेऊन स्कॅन करतो. अनुक्रमणिका छापून झाल्या. जॉमेट्रीच्या परीक्षेचा अर्जही आज भरला, 'आधी शिकलेला' वर खूण करून.
हिंदीचं अजून कुणी सांगितलं नाही. कुणाच्या मुलांना हिंदीची ऐच्छिक क्रेडिट मिळाली असतील तर ट्रान्सक्रिप्टवर विषयाचं नाव नेमकं काय लिहिलंय तेवढं सांगा, सोमवारी अर्ज देणार आहे.