‘गोळ्या नाहीत म्हणून रडू नका’ म्हणणाऱ्यांसाठी

उभी_पोझिशन
काल नेमबाजीच्या गोळ्यांवरची एक पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. मजकूर थोडक्यात असा: ‘गोळ्या मिळत नाहीत, महाग झाल्या, हे रडगाणं बंद करा. रोज तासभर ड्राय (गोळी न भरता नुसता नेम आणि ट्रिगरचा सराव) करा. आमच्या वेळी गोळ्या मोजून मिळायच्या, तरी मेडल आणली. टंचाई साठेबाजांनी केली आहे.’ खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. तिथे लिहिलं तर उत्तर वाहून जाईल, म्हणून इथे लिहितोय.

ड्राय कोण करत नाही? पोझिशन, श्वास, ट्रिगर सगळं ड्रायवरच बसतं, मान्य. पण पॉइंट टू-टू रायफलमध्ये माझ्या नळीला गोळ्यांचा कुठला लॉट, म्हणजे कारखान्यातली कुठली खेप मानवते, हे रिकामी बंदूक सांगत नाही. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटचं ५० मीटरवरचं ग्रुपिंग, म्हणजे गोळ्या किती जवळजवळ बसतात ते, वेगळं येतं. लॉट जुळला की माणूस त्याचाच साठा करून ठेवतो, कारण पुढच्या खेपेला तो मिळेलच असं नाही. याला साठेबाजी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

आणि महागाई काय आम्ही घडवून आणली? मॅचची गोळी येते बाहेरून. लापुआ आणि एसके हे दोन्ही ब्रँड नामो कंपनीचे, एली हा ब्रँड बर्मिंगहॅमचा. २०२२च्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध पेटल्यापासून युरोपातली बारूद आधी तोफांना जाते. त्यात आयातीची वाट असोसिएशन, क्लब आणि नावाजलेले नेमबाज यांच्यापुरती. जिल्हा पातळीवर खेळणाऱ्या पोराने काय करायचं? फेब्रुवारी २०२०मध्ये केंद्राने खेळाडूंचा काडतुसांचा कोटा वाढवला, चांगलं केलं. कोटा कागदावर वाढला, कपाटात काय वाढलं ते बघा. आता मी आठवड्यात एकच दिवस फायर करतो, साइटर (मॅचआधीचे नेम जुळवायचे शॉट) आखडते घेतो, आणि वाऱ्याचा सराव जवळजवळ बंद आहे.

ट्रिगरशिस्त
ती पोस्ट माझीच. नाव घेऊन लिहिलं असतंत तरी चाललं असतं.

रायफलच्या थ्री पोझिशन प्रकारात पात्रता फेरीत मोजून साठ शॉट लागतात. वीस गुडघ्यावर, वीस झोपून, वीस उभं. रेंजवर दिवसाला दोनशे उडवणारी पोरं बघतो मी, आणि त्यातले दीडशे नुसता आवाज असतो. खराब ट्रिगर दोनशे वेळा मारला की तो पक्का होतो, सुधारत नाही. गोळी महाग झाल्यामुळे पोरं विचार करून मारायला लागली, तर माझ्या लेखी ते बरंच झालं.

साठ्याबद्दल बोललो ते बोललो. एकाने लॉट उचलला की दहा जणांना तो दिसतसुद्धा नाही. त्या दहांत तुमचा जिल्हा पातळीचा पोरगाही असतो.

मातीची_कबुतरं
रायफलवाल्यांचं बरं आहे, तुम्ही ड्राय तरी करू शकता. ट्रॅपमध्ये, म्हणजे हवेत उडवलेली मातीची कबुतरं फोडायच्या खेळात, मी कशाचं ड्राय करू? हवेत हात फिरवू? पात्रता फेरीत १२५ कबुतरं, प्रत्येकाला दोन काडतुसं मारायची मुभा. म्हणजे एका मॅचला अडीचशेपर्यंत लागू शकतात, सराव वेगळा. २४ ग्रॅम छर्रे भरलेलं काडतूस, त्यावर कबुतराची किंमत, त्यावर रेंजची फी. वर्षभरापूर्वी महिन्याला जेवढे मारायचो त्याच्या निम्म्यावर आलोय. धक्का खाल्ल्याशिवाय दुसरा शॉट बसत नाही, आणि तो घरात आरशासमोर मिळत नाही.

‘आमच्या वेळी’वाल्यांना एकच विचारायचंय. तुमच्या वेळी रेंजवर जाणारे किती होते हो?

नेमबाजाची_आई
मला यातलं तांत्रिक फारसं कळत नाही. एवढं कळतं की मुलीच्या क्लबात गोळ्या आल्याचा निरोप आला की बाकीचे खर्च पुढे ढकलावे लागतात. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं ब्राँझ घेतलं तेव्हा घरच्यांनी गोळ्यांसाठी कर्ज काढल्याच्या बातम्या आल्या. सगळ्यांनी डोळे पुसले. मला तेव्हा रागच आला. कर्ज काढल्याचं कौतुक कसलं करायचं?

ट्रिगरशिस्त सर, विचार करून मारा हे बरोबर असेल. पण माझी मुलगी स्पर्धेत पहिल्या दहा शॉटला थरथरते, कारण खरी गोळी तिच्या हाताला अनोळखी झालीय.

काजूबाग_सिंधुदुर्ग
वाचतोय कधीपासून. लॉट काय, ग्रुपिंग काय. शेतीसंरक्षणाचा परवाना असलेला कोणी आहे का इथे? माझी बारा बोअर एकनळी बंदूक, वडिलांपासूनची. मला मेडल नको, वर्षाला मूठभर काडतुसं हवीत. दुकानदार म्हणतो माल आला की फोन करतो. त्याचा फोन येईपर्यंत डुकरं शेत उलथून मोकळी. तालुक्याला जाऊन-येऊन जो दिवस मोडतो त्याची किंमत काडतुसात धरली तर तुमची लापुआ स्वस्त वाटेल.

आणि काडतूस असून काय करू? बंदूकच पोलीस ठाण्यात! २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता लागली १६ मार्चला, म्हणजे काजू-आंब्याच्या ऐन हंगामात. बंदूक जमा. ती परत येते न येते तोच १५ ऑक्टोबरला विधानसभा जाहीर. भात कापणीला आलेलं. पुन्हा जमा. डुकरांना आचारसंहिता लागू नाही बहुतेक.

आमचा दुखना तुमका कळाचा नाय.

उभी_पोझिशन
दादा, तुमचं दुखणं खरं आहे, पण विषय गोळ्यांच्या किमतीचा चाललाय. निवडणुकीसाठी वेगळा धागा काढूया का?

काजूबाग_सिंधुदुर्ग
वेगळा कशाला? खेळाडू म्हणून तुमच्या बंदुकांना जमा करण्यातून सूट मिळते ना? सूट घेताना विषय एकच होता. आता वेगळा झाला.

कलम_अकरा
जमा करण्याबद्दल. सरसकट सगळ्यांची शस्त्रं घ्यायची असा नियम नाही. जिल्ह्यात छाननी समिती असते. जामिनावर असलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले, यांची प्रकरणं बघून ठरवायचं असतं. मुंबई उच्च न्यायालयानेही सरसकट जमा करण्याबद्दल फटकारलेलं आहे. समितीकडे लेखी अर्ज करा, पोच घ्या. तोंडी विनंतीला अर्थ नाही.

काजूबाग_सिंधुदुर्ग
अर्ज केला होता. ‘वरून आलंय’ हे उत्तर मिळालं. पोच मागितली तर माझ्याकडे असं बघितलं की गुन्ह्याची पार्श्वभूमी तिथेच तयार होते की काय असं वाटलं.

रानवाट
मला एक समजत नाही. परवाना शेतीसंरक्षणाचा आहे म्हणून डुक्कर मारता येतं हे कोणी सांगितलं? वन्यजीव कायदा १९७२चा आहे. रानडुक्कर त्याच्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. लेखी परवानगीशिवाय मारलंत तर ती शिकार. गव्याकडे तर बंदूक रोखायचाही विचार करू नका, तो पहिल्या अनुसूचीत. काडतुसं सहज मिळाली की त्यातली किती पिकासाठी आणि किती रात्रीच्या बॅटरीच्या उजेडात सशासाठी उडतात, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. टंचाईचं मला तरी वाईट वाटत नाही.

काजूबाग_सिंधुदुर्ग
आलात! वाटच बघत होतो. हवेत बार काढायला कुठल्या अनुसूचीची परवानगी लागते ते सांगा. दहातले नऊ बार मी आभाळात काढतो. कळप पांगतो, चार दिवस फिरकत नाही. फटाक्याला आता डुकरं भीत नाहीत, झटका कुंपण वेलींनी बंद पडतं, आणि नुकसानभरपाईचा पंचनामा होईपर्यंत पुढची पेरणी येते. तुम्ही रानात फोटो काढायला येता. आम्ही तिथे राहतो.

रानवाट
मी फोटो काढत नाही. माझं घर चंदगडच्या बाजूला आहे, ऊस आमचाही गव्यांनी खाल्लाय. म्हणून बंदूक मागत फिरलो नाही. तुमच्यासारखे परवानाधारक आभाळात बार काढत असतील, मानलं. शेजारचा विनापरवाना ठासणीवाला काढतो का?

काजूबाग_सिंधुदुर्ग
मग त्याला पकडा! त्याची बंदूक आचारसंहितेत जमा होत नाही, कारण ती कागदावरच नाही. त्याला काडतुसाची टंचाईही नाही, दारू-छर्रे घरी भरतो. सगळी तपासणी माझी, कारण माझं नाव वहीत आहे.

रानवाट
हे मात्र खरं बोललात. पहिल्यांदाच.

कलम_अकरा
दोघांसाठी एकदाच. वन्यजीव कायद्याचं कलम ११ वाचा. उभ्या पिकाला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी लेखी परवानगी देऊ शकतो. २०२२च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. शस्त्र परवाना वेगळा, ही परवानगी वेगळी.

परवाना_ऐंशीचा
स्वसंरक्षणाचा परवाना आहे. रिव्हॉल्व्हरची तीच काडतुसं कित्येक वर्षं डब्यात पडून आहेत. उडतील की नाही देव जाणे. नवी घ्यायला गेलो तर जुनी कुठे उडवली ते विचारतात. उडवलीच नाहीत म्हटलं तर मग नवी कशाला म्हणतात.

मातीची_कबुतरं
काका, रेंजवर या, उडवून टाका. पावती घ्या.

उभी_पोझिशन
धाग्याचं रानडुक्कर झालंय. असो. रिकामी काडतुसं घरी भरण्यावर कोणीतरी मला खासगीत सल्ला दिला. पॉइंट टू-टूत ते व्यवहारात जमत नाही. ती गोळी रिमफायर, म्हणजे ठिणगीची दारू बुडाच्या कडेच्या आत असते, पिन बसली की ती कड चेपते, संपलं. सल्ले देण्याआधी गोळी हातात घेऊन बघत चला.

कलम_अकरा
बारा बोअर भरता येतं म्हणून कोणी उत्साहात येऊ नका. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं शस्त्र कायद्याच्या कलम ५ खाली येतं. आणि एकमेकांना गोळ्या ‘उसन्या’ देऊ नका. तुमच्या परवान्यावर नोंद असलेली गोळी दुसऱ्याच्या कपाटात सापडली तर दोघेही अडकाल.

ट्रिगरशिस्त
लॉटबद्दलचा मुद्दा घेतो. नळीला मानवलेला लॉट राखून ठेवणं वेगळं आणि दुकान धुऊन नेणं वेगळं. पहिल्याला मी साठेबाजी म्हणणार नाही. खूश? पण दिवसाला दोनशेवर माझं मत बदललेलं नाही, आणि ज्यांचं ग्रुपिंग अजून वाटीएवढं आहे त्यांनी लॉटवर बोलू नये.

ताई, तुमच्या मुलीसाठी: आठवड्याच्या गोळ्या एकाच दिवशी संपवू नका. रोज ड्राय, आणि शेवटी दहा खऱ्या. ते दहा मॅच समजून, मोजून, वहीत लिहून मारायचे. थरथर त्या दहांनीच जाते.

नेमबाजाची_आई
क्लबात रोज दहा देत नाहीत सर. पन्नासचा बॉक्स फोडला की त्याच दिवशी संपवा किंवा परत करा, असं आहे. तिला सोळावं चाललंय, बॉक्स घरी आणता येत नाही, आणि आणू देत असते तरी मी आणला नसता.

ट्रिगरशिस्त
मग क्लबाच्या सेक्रेटरीशी बोला. उरलेला बॉक्स मुलीच्या नावाने क्लबाच्याच तिजोरीत राहायला काय हरकत आहे?

नेमबाजाची_आई
बोलले. ते म्हणाले, ड्राय करायला सांगा.