टिक्क्याचा मसाला तव्यावर गळून पडतो

प्रश्न: अर्धा किलो चिकन आणि पाव किलो पनीर एकाच दह्यात मुरवते. तव्यावर पाणी सुटतं, मसाला खाली चिकटतो. काय करावं?

उत्तर १: दही फडक्यात बांधून चक्का घ्या. चिकनला आधी १ छोटा चमचा मीठ, लिंबू, आलं-लसूण चोळून अर्धा तास ठेवा. सुटलेलं पाणी काढून ४ मोठे चमचे चक्का, २ चमचे मोहरीचं तेल, तिखट लावा. फ्रिजमध्ये ६ तास. मांस मऊ व्हायला घालतात ती कच्ची पपई जास्त झाली तर मांस पिठूळ होतं, चक्का असताना ती नकोच.

उत्तर २: पनीरचा मसाला वेगळाच कालवा, कच्च्या चिकनचा उरलेला तर अजिबात नको. त्यात २ चमचे भाजलेलं बेसन घाला, मसाला धरून राहतो. सिमला मिरची-कांद्याला मीठ भाजायच्या वेळीच.

उत्तर ३: तवा कडक तापवा, गर्दी करू नका.