मोसादेघ यांची सत्ता चार दिवसांत कशी गेली?

सायली_पुणे:
इराणचे पंतप्रधान मोसादेघ यांच्याबद्दल वाचतेय, पण एक कोडं सुटत नाही. 15 ऑगस्ट 1953 च्या रात्री त्यांना काढल्याचं शहाचं, म्हणजे इराणच्या राजाचं, फर्मान घेऊन आलेला कर्नल नसिरीच पकडला गेला. शहा आधी बगदादला, मग रोमला पळाला. डाव पुरता उधळला होता. मग 19 तारखेला मोसादेघ पडले कसे?

खाडीपलीकडचा:
अमेरिकेच्या सीआयएचा पैसा, दुसरं काय! त्यांचा माणूस कर्मिट रूझवेल्ट तेहरानमध्येच तळ ठोकून होता. 2013 मध्ये सीआयएच्याच कागदपत्रांतून हे कबूल झालंय.

म्हापसेकर:
पैसा होताच, पण तेवढ्यावर भागलं नसतं. माझे आजोबा आबादानच्या रिफायनरीत कारकून होते. गोव्याची बरीच माणसं तिथे होती. साहेबांच्या बंगल्यांभोवती हिरवळ आणि इराणी कामगारांची पोरं चिखलात, हे ते मरेपर्यंत विसरले नाहीत. मोसादेघ यांनी इंग्रज कंपनीच्या हातातल्या तेलाचं राष्ट्रीयीकरण केल्यावर 1951 च्या जुलैत त्यांनी वहीत लिहिलंय: "टाक्या भरल्या. न्यायला बोट नाही." इंग्रजांनी तेलावर बहिष्कार टाकला होता. मोसादेघ यांची नाडी आवळली ती तिथेच.

त्यात माणसं तुटली. 1952 च्या जुलैत राजीनामा दिल्यावर त्यांच्यासाठी लोक गोळ्या झेलत रस्त्यावर उतरले होते. वर्षभरात त्यांचे पाठीराखे धर्मगुरू आयातुल्ला काशानी विरोधात गेले. 1953 च्या ऑगस्टमध्ये मोसादेघ यांनी संसद बरखास्तीसाठी सार्वमत घेतलं, त्यात 'हो' आणि 'नाही'च्या मतपेट्या वेगवेगळ्या जागी ठेवल्या, म्हणजे मत गुप्त राहिलंच नाही. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे, तरी हे खुपतंच.

सायली_पुणे:
मग 19 तारखेला त्यांचे लोक कुठे होते?

म्हापसेकर:
घरी. शहाचे पुतळे पाडले जात होते, म्हणून आदल्या दिवशी त्यांनीच निदर्शनांवर बंदी घातली आणि आपल्या माणसांना रस्त्यावर येऊ नका म्हणून सांगितलं. न्यूशातेलला कायद्याची डॉक्टरेट केलेला माणूस. दंगल नको, रक्त नको. रस्ता मोकळा मिळाला तो शहाच्या बाजूच्या जमावाला आणि लष्कराला. संध्याकाळपर्यंत काख रस्त्यावरच्या त्यांच्या घरावर रणगाड्यांचे गोळे पडत होते. भिंत ओलांडून ते शेजारी गेले आणि दुसऱ्या दिवशी स्वाधीन झाले.

तीन वर्षं तुरुंग, मग मरेपर्यंत अहमदाबाद गावी नजरकैद. (आपलं गुजरातचं नव्हे, तेहरानच्या पश्चिमेचं.) 1952 मध्ये त्यांच्यासाठी मेलेल्या लोकांशेजारी पुरावं, एवढीच त्यांची इच्छा होती. शहाने तीही नाकारली. 1967 च्या मार्चमध्ये ते गेले, तेव्हा घरच्यांनी जेवणघराची जमीन खणून त्यांना तिथेच पुरलं.