800 मीटर ॲरोबिक की ॲनॲरोबिक? भरतीच्या मुलींचा तिसरा राऊंड का ढेपाळतो?

पहाटेचं मैदान

मी बी.पी.एड.च्या पहिल्या वर्षाला आहे. सकाळी साडेपाचला गावच्या हायस्कूलच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या सात मुलींचा सराव घेते. मैदान मुरमाचं. चुन्याने आखलेला राऊंड 200 मीटरचा, म्हणजे 800 ला चार राऊंड. पूर्ण 20 गुण हवे असतील तर 2 मिनिटं 50 सेकंदांत यावं लागतं.

आमच्या नोट्समध्ये तक्ता आहे: पहिले 10 सेकंद एटीपी-सीपी (स्नायूतला तयार ऊर्जेचा साठा), मग 3 मिनिटांपर्यंत लॅक्टिक ॲसिड, त्यापुढे ऑक्सिजन. पहिले दोन ॲनॲरोबिक म्हणजे ऑक्सिजनविना, तिसरा ॲरोबिक म्हणजे ऑक्सिजनने. त्यावरून मी हिशोब मांडला की 2:50 मध्ये ऑक्सिजनचा नंबरच लागत नाही. म्हणून सहा आठवडे लांबचं धावणं बंद ठेवलं, नुसते 100 आणि 200 चे स्प्रिंट घेतले. सगळ्यांत वेगवान मुलीचे कालचे राऊंड: 34, 38, 51, 55. एकूण 2:58. सहा आठवड्यांपूर्वी 3:01 होते. तिसऱ्या राऊंडला तिचे खांदे कानाला लागतात, पाय उचलत नाहीत. संपल्यावर गुडघ्यांवर हात टेकून रडायला लागली, "ताई, दम पुरत नाही." तक्ता खरा असेल तर दमाचा संबंध येतो कुठे? मी या पोरींचं नुकसान तर करत नाहीये ना?

स्पाइक्स

तक्ता आम्हीही तोच पाठ केला होता आणि परीक्षेत लिहून मार्कही मिळाले. 800 ला वेग लागतोच, स्प्रिंट सोडू नका. पहिला राऊंड 34 मात्र फारच जोरात आहे.

मैदानावरचे सर

तू म्हणतो, चालेल ना? माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस. 26 वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, त्यातली पहिली आठ-दहा वर्षं मीसुद्धा हाच तक्ता फळ्यावर काढत होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या तक्त्यामुळे असं वाटतं की तिन्ही ऊर्जासंस्था पाळीने येतात, एक दमली की दुसरी. तसं होत नाही. शिट्टी वाजताक्षणी तिन्ही एकदम सुरू होतात, फक्त त्यांचा वाटा बदलत जातो. स्नायूत तयार एटीपी, म्हणजे आकुंचनाला थेट लागणारं इंधन, असतं ते दोन-तीन सेकंदांपुरतं. क्रिएटिन फॉस्फेट (तक्त्यातलं सीपी) ते लगोलग भरून देतं, पण तो साठाही लहान. ग्लायकोजेनचं, म्हणजे स्नायूत साठवलेल्या साखरेचं, झटपट विघटनही लगेच सुरू होतं; तक्त्यातलं लॅक्टिक ॲसिड ते हेच. आणि ऑक्सिजनचं काम पहिल्या श्वासापासून चालू असतं, त्याला फक्त चढायला वेळ लागतो.

घरी पाण्याचा बंब असेल तर आठव. लाकडं पेटली म्हणून तोटीतून लगेच कढत पाणी येत नाही. पण आत पाणी तापत असतं. हृदयाचे ठोके वाढणं, रक्त पायांकडे वळणं, स्नायूंतल्या तंतुकणिकांनी (ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणाऱ्या पेशीतल्या भट्ट्यांनी) वेग धरणं, या सगळ्याला वेळ लागतो. जोरात धावताना पहिल्या अर्ध्या मिनिटातच ऑक्सिजनचा वापर बराच वर जातो आणि दीड-दोन मिनिटांत तो कमाल पातळीजवळ पोचतो. तक्त्यातली 3 मिनिटं म्हणजे बंब पुरता तापायची वेळ, पेटायची नव्हे.

सरावलेल्या धावपटूंवर मोजमापं झाली आहेत. 400 मीटरमध्येच चाळीस टक्क्यांच्या आसपास ऊर्जा ऑक्सिजनच्या वाटेने येते, 800 मध्ये साधारण दोन तृतीयांश, 1500 मध्ये ऐंशी टक्क्यांच्या वर. तुझ्या मुलींना 800 ला जवळजवळ तीन मिनिटं लागतात, म्हणजे त्यांचा वाटा आणखी जास्त. तिने "दम पुरत नाही" म्हटलं ते शास्त्राला धरूनच आहे.

आता तिचे राऊंड बघ. पहिले 400 मीटर 72 सेकंदांत, पुढचे 106 मध्ये. फरक 34 सेकंदांचा! केनियाच्या डेव्हिड रुडिशाने 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 800 मीटरचा 1:40.91 चा विश्वविक्रम केला तेव्हा पहिले 400 मीटर 49.28 मध्ये आणि पुढचे 51.63 मध्ये काढले. अडीच सेकंदांचाही फरक नाही. तुझी मुलगी बंब तापायच्या आतच ऑक्सिजनविना मिळणारी सगळी ऊर्जा उधारीसारखी उचलते. स्नायूत आम्लता आणि फॉस्फेट साचतं, तंतूंचं आकुंचन मंदावतं, आणि तिसऱ्या राऊंडला पाय उचलत नाहीत. (दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतात त्याचं खापर लॅक्टिक ॲसिडवर फोडू नकोस. ते तासाभरात उतरतं. हृदय आणि यकृत त्याचा उपयोग करून घेतात. दुखतं ते स्नायूतंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे.)

मी असतो तर असं केलं असतं. आठवड्यातून तीनदा 25-30 मिनिटं रमतगमत धावणं, शेजारणीशी बोलता येईल इतकंच. एक दिवस 400 मीटरचे चार तुकडे, प्रत्येकी 85 सेकंदांत, मध्ये तीन मिनिटं चालणं. स्प्रिंट एकच दिवस. पहिला राऊंड 40 च्या आत आला तर तिथेच थांबव आणि परत धावायला लाव. भरतीच्या दिवशी चेस्ट नंबर लावून मुली तासन् तास रांगेत गारठून बसतात. कॉल यायच्या आधी दहा मिनिटं पाय गरम करायलाच हवेत, म्हणजे बंब थोडा तापलेला असतो.

आणि सकाळी अंथरुणातून उठायच्या आधीची नाडी वहीत लिहायला सांग. 15 सेकंद मोजून चारने गुणायचं. दोन-तीन महिन्यांत आकडा खाली येताना दिसेल. हृदय एका ठोक्याला जास्त रक्त फेकायला लागतं, म्हणून कमी ठोक्यांत भागतं.

रक्ततपासणीवाली

सरांचं सगळं पटलं. एक भर घालते, कारण मी रोज या वयाच्या मुलींच्या रक्ताच्या बाटल्या हाताळते. ताई, सातही जणींचं हिमोग्लोबिन आधी तपासून घ्या. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. 12 ग्रॅम असेल तर 100 मिलिलिटर रक्तात 16 मिलिलिटर, 9 असेल तर 12. म्हणजे पाव भाग ऑक्सिजन निघण्याआधीच कमी! कितीही सराव घेतला तरी तो कुठून भरून निघणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. जेवणावर लगेच चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही. ताटात लिंबू असू द्या.

पहाटेचं मैदान

तीन आठवड्यांनी लिहितेय. काल त्याच मुलीचे राऊंड: 40, 42, 45, 44. एकूण 2:51! पहिल्या राऊंडला मी तिला दोनदा परत बोलावलं, चिडली होती. शेवटचा राऊंड तिसऱ्यापेक्षा वेगात गेल्यावर तिनेच माझ्या हातातलं घड्याळ ओढून बघितलं.

हिमोग्लोबिन सातही जणींचं तपासलं. चौघींचं 11 च्या खाली. सगळ्यांत मागे राहणारीचं 8.9 निघालं. तिला मी "कंटाळा करतेस" म्हणून सगळ्यांसमोर बोलले होते. सगळ्यांसमोरच तिची माफी मागितली. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यात आणि महिन्याने परत बोलावलंय. तोवर तिला जोराचं धावणं नाही. ती राऊंडच्या वेळा लिहून घेते.

सर, तिच्याकडून हळू चालणं-धावणं कितपत करून घ्यावं? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण तुमच्या हाताखाली अशा मुली आल्या असतील तर सांगा.