मदत हवी आहे: लाफ्रॉइगला डेटॉलचा वास येतोय. बाटली बिघडली की मी?

लालडब्बा

मंडळी, आधीच सांगतो, मी दर्दी वगैरे नाही. वय ४७, राहणार दादर, महिन्यातून दोनदा, फार तर तीनदा बसणारा माणूस. माझं ठरलेलं आहे. ब्लॅक लेबल, साठ, वर काठापर्यंत गार सोडा, बर्फाचे दोन खडे, सोबत खारे दाणे. दुसऱ्या पेगला थांबतो आणि वरणभात खाऊन झोपतो. नोकरीच्या सुरुवातीला ओल्ड मंक होती, पगार वाढला तशी टीचर्स आली, प्रमोशन झालं त्या दिवशी ब्लॅक लेबल. तेव्हापासून मुक्काम तिथेच.

आता अडचण. लंडनचा भाचा गेल्या आठवड्यात येऊन गेला. येताना विमानतळावरून माझ्यासाठी लाफ्रॉइग १० वर्षं घेऊन आला. हिरवी बाटली, पांढरं लेबल. तिथल्या विक्रेत्याने त्याला सांगितलं म्हणे, ज्याला व्हिस्की कळते त्याला हीच द्या. मी उघडली, ग्लासात ओतली आणि सवयीने सोड्याकडे हात गेला, तर पोराने मनगट धरलं. "मामा, सिंगल माल्टमध्ये सोडा?" (म्हणजे एकाच भट्टीची, नुसत्या मोड आणलेल्या जवाची व्हिस्की, असं त्यानेच समजावलं.) जणू मी सत्यनारायणाच्या प्रसादावर शेव भुरभुरत होतो.

म्हणून कोरी घेतली. लहानपणी टॉन्सिल काढायला चार दिवस ज्या वॉर्डात होतो, तो वॉर्ड जिभेवर आला. नुकती पुसलेली फरशी, टिंक्चर आयोडीन, आणि खिडकीखाली कुणीतरी ओल्या लाकडांची शेकोटी पेटवलेली. बायकोने आतल्या खोलीतून विचारलं, "काय सांडलं?"

भाच्यासमोर "वा, वा" म्हणालो. आता बाटली कपाटात आहे आणि प्रश्न तुमच्यापुढे.

बाटली खराब किंवा डुप्लिकेट असू शकते का? नसेल, तर ही आवडून घ्यायची काही रीत असते का, की मी सोड्याचा माणूस आहे हे मान्य करून गप्प बसावं? आणि खरं महत्त्वाचं म्हणजे माझे मामा पुढच्या महिन्यात पंच्याहत्तरीचे होतात. भाचा तेव्हा परत येणार आहे आणि दोन लिटरपर्यंत आणू शकतो. मामांसाठी काय मागवू? त्यांची आवड माझ्यासारखीच आहे. म्हणजे खरं तर माझी त्यांच्यासारखी, कारण पहिला पेग त्यांनीच भरून दिला होता.

खारेदाणे

बाटली ठणठणीत आहे. तुम्हीही. लाफ्रॉइग असाच असतो. सविस्तर सांगणारे येतीलच, मी दाणे घेऊन बसलो.

बोटीवरचा

पंचवीस वर्षं जहाजावर काढली, त्यामुळे चार गोष्टी सांगायचा हक्क आहे असं समजतो.

लाफ्रॉइग होते स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या एका बेटावर. त्या बेटाच्या नावात स्पेलिंगला एस आहे, पण उच्चार 'आयला'. मराठी माणसाला पाठ करायची गरज नाही, आपण दिवसातून दहा वेळा म्हणतोच.

एकदा सुट्टीत मुद्दाम तिकडे गेलो होतो. झाडं कमी, वारा फार, आणि पायाखाली कोसच्या कोस दलदल. हजारो वर्षं शेवाळ आणि गवत कुजत, दबत गेलं की त्याचं पीट होतं. विटेसारखे तुकडे कापायचे, उन्हावाऱ्यात वाळवायचे आणि जाळायचे. आपल्याकडच्या शेण्यांसारखंच काम. लाकूडफाटा नसेल तिथे दुसरं काय जाळणार? आता व्हिस्कीचा जव भिजवून त्याला मोड आणावे लागतात (आजी नाचणीचं सत्त्व करायची तेच), आणि मोड वेळेवर थांबवायला तो वाळवावा लागतो. तो वाळवतात या पीटच्या धुरावर. धूर दाण्यात असा बसतो की पुढे आंबवून, दोनदा ऊर्ध्वपातन करून, दहा वर्षं ओकच्या पिंपात ठेवूनही हलत नाही. तुमच्या वॉर्डाचा वास तो हाच.

लाफ्रॉइगची भट्टी १८१५ ची. त्याच किनाऱ्यावर जवळच लागाव्हुलिन आणि आर्डबेग. तिघंही धुरकट, पण धुरात औषधाचा दवाखाना फक्त लाफ्रॉइगकडे. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा हीच व्हिस्की औषध म्हणून खपवली असं तिथे मोठ्या अभिमानाने सांगतात. वास घेतल्यावर कुठल्या अधिकाऱ्याला शंका येणार!

आणि सगळं स्कॉच असं नसतं. ग्लेनफिडिक, ग्लेनलिव्हेट, बाल्व्हेनी ही स्कॉटलंडच्या ईशान्येकडच्या स्पेसाईड भागातली मंडळी, नेहमीच्या बाटल्यांत धुराचा मागमूस नाही. नासपती, मध, व्हॅनिला. खुद्द आयलावर बुनाहाव्हन नावाची भट्टी आहे, तिचा बराचसा माल बिनधुराचा असतो. भाच्याने तुम्हाला पोहायला शिकवायचं म्हणून थेट वसईच्या खाडीत ढकललं, एवढंच.

आवडून घ्यायचीच असेल तर पायऱ्या आहेत. तुमच्या ब्लॅक लेबलमध्ये धूर आहेच, आयलावरच्याच कल ईला भट्टीची व्हिस्की त्यात असते. एकदा सोडा न घालता, थोडं पाणी घालून प्या आणि घोट गिळल्यावर थांबा. मग डबल ब्लॅक, त्यात धूर जास्त. मग टॅलिस्कर १०. स्काय बेटावरची, ४५.८ टक्के, धूर आणि मागून मिरी. ती आवडली तर लागाव्हुलिन १६. त्यानंतर लाफ्रॉइगकडे परत या. नाही आलात तरी चालेल, माझे दोन कॅप्टन कधीच आले नाहीत.

निर्व्यसनी

समाजासमोर इतके प्रश्न असताना दारूवर धागे निघतात. धन्य.

खारेदाणे

काका, नाव वाचूनच आत आलात ना?

लॅबवाली

मी औषध कंपनीत रसायनशास्त्राचं काम करते, त्यामुळे तुमच्या नाकाची बाजू घेते. तुम्हाला भास होत नाहीये. पीटच्या धुरात फिनॉल, क्रेसॉल, ग्वायाकॉल असे पदार्थ असतात. जुन्या इस्पितळांत फरशीला वापरायचे ते कार्बोलिक म्हणजे फिनॉलच, आणि डेटॉलमधलं क्लोरोझायलेनॉल त्याच कुटुंबातलं. नाकाने बरोबर नातं ओळखलं. लाफ्रॉइगसाठी वापरतात त्या जवात फिनॉलचं प्रमाण दहा लाख भागांत ४० च्या आसपास असतं.

पाण्याबद्दल. २०१७ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी संगणकावर रेणूंचं अनुकरण करून दाखवलं की अल्कोहोल पातळ झालं की ग्वायाकॉल द्रवाच्या पृष्ठभागाजवळ गोळा होतं, म्हणजे नाकाला जास्त मिळतं. त्यामुळे पाणी घातल्याने वास मरेल अशी आशा धरू नका. डंख कमी होतो, धूर राहतो.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. 'रूम टेंपरेचरला प्या' हे ज्यांनी सांगितलं त्यांची खोली थंडगार स्कॉटलंडात होती. दादरमध्ये मे महिन्यात पंखा फुल करूनही खोली ३२-३३ अंश असते. त्या तापमानाला कोरी व्हिस्की म्हणजे नाकात नुसतं स्पिरिट. एक मोठा बर्फाचा खडा टाका किंवा बाटली वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. भाच्याला सांगायची गरज नाही.

गिरणगावचा

सोड्याची लाज कसली वाटते, शेठ? एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये द्राक्षवेलींना फिलॉक्सेराची कीड लागली, ब्रँडी मिळेना, म्हणून ब्रँडी-सोडा पिणारा इंग्रज स्कॉच-सोड्याकडे वळला. ब्लेंडेड स्कॉच, म्हणजे तुमच्या ब्लॅक लेबलसारखी अनेक भट्ट्यांचा माल मिसळून केलेली, जगभर गेली ती सोड्याच्या जोरावर. तुमचा पेग भाच्याच्या पेगापेक्षा जुन्या घराण्याचा आहे.

डुप्लिकेटचं म्हणाल तर विमानतळावरची बाटली आहे, विसरा. आणि डुप्लिकेट करणारा लाफ्रॉइग कशाला करेल? त्याला खपणारं नाव लागतं. रिकामी ब्लॅक लेबल भंगारवाल्याकडे साध्या बाटलीच्या कितीतरी पट भाव खाते, आणि ती पुढे कुठे जाते हे मी सांगायला नको. मी एकदा ओळखीतून 'कस्टमची' म्हणून घेतलेली बाटली प्यायलो, दोन दिवस डोकं धरून बसलो होतो. तेव्हापासून दोन नियम. परवानाधारक दुकानातून पावती घेऊनच घ्यायची, आणि रिकामी झाली की लेबल खरवडून, झाकण वाकवून मगच टाकायची.

दुकानातही एकदा विचारून बघा. महाराष्ट्राने २०२१ च्या नोव्हेंबरात आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० वर आणलं, तेव्हापासून विमानतळाचं पूर्वीइतकं अप्रूप राहिलेलं नाही. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये करार झाला त्यात सीमाशुल्कही १५० वरून आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरलंय. मामांच्या शंभरीला स्वस्त मिळेल.

पार्लेकरीण

मामांबद्दल कुणीच नीट बोललं नाही, म्हणून लिहिते. पंच्याहत्तरीचे आहेत, गोळ्या कोणत्या चालू आहेत ते आधी बघा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन असेल तर दारूबद्दल डॉक्टरांना विचारून मगच. आमच्या बाबांच्या वेळी आम्ही विचारलं नव्हतं, पुढची कथा सांगत नाही.

ते ठीक असेल तर बाल्व्हेनी १२ डबलवुड. आधी बर्बनच्या (अमेरिकन व्हिस्की) पिंपात मुरते, मग शेरीच्या (स्पॅनिश वाइन). मध आणि मनुका, गोडसर, पाणी घालून छान लागते. आयुष्यभर ब्लेंड प्यायलेल्या माणसाला बोचत नाही. ग्लेनफिडिक १५ सुद्धा चालेल. उगीच अठरा, एकवीस असे आकडे बघून घेऊ नका. आकडा पिंपातल्या वर्षांचा असतो, चवीचा दाखला नव्हे. आणि बाटलीत भरल्यावर वय वाढत नाही, त्यामुळे मामांनी ती शोकेसमध्ये ठेवून नातवाच्या लग्नाची वाट पाहू नये. उघडलेली तर नकोच. अर्ध्यावर आली की हवेने चव उतरत जाते. ठेवायचीच तर उभी, उन्हापासून लांब. आडवी ठेवली की तीव्र दारूने बूच कुजतं.

आणि दारू पिण्याचं सरकारी परमिट काढलंय ना मामांचं? हसू नका, मुंबईत अजून कायदा आहे.

लालडब्बा

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण सांगण्यासारखं काल घडलं.

बोटीवरचे साहेब, ब्लॅक लेबल सोड्याशिवाय घेतली. पहिल्या दोन घोटांत काहीच नाही, तिसऱ्यानंतर थांबलो तेव्हा घशाच्या मागे धूर होता. वीस वर्षं मी तो सोड्यात बुडवत होतो. लॅबवाली ताई, फ्रिजचा उपाय लागू पडला, डंख गेला. वॉर्ड मात्र तिथेच आहे. लाफ्रॉइग माझ्याच्याने होत नाही, हे आता न लाजता सांगतो.

काल मामा आले होते. डॉक्टरांनी एका छोट्या पेगाची परवानगी दिली आहे, मेटफॉर्मिन नाही, परमिट आजीवन आहे आणि पाकिटात असतं. ब्लॅक लेबल काढत होतो, त्यांची नजर हिरव्या बाटलीवर गेली. म्हटलं, मामा, ती राहू दे, औषधासारखी आहे. त्यांनी बूच काढलं, वास घेतला, परत घेतला, आणि खुर्चीत मागे टेकून बसले.

"अरे, हा तर बंब पेटवल्याचा वास."

मामा गिरगावातल्या चाळीत वाढले. सकाळी बंबात ओल्या ढलप्या घालायच्या, धूर सगळ्या गॅलरीभर, मग सगळ्या मजल्याच्या शिव्या. ते काम त्यांच्याकडे होतं. हे सांगता सांगता त्यांनी तीस भरली आणि माझ्या डोळ्यांदेखत वर सोडा ओतला. सुका बोंबील भाजून मागवला. (बायकोने खिडक्या उघडल्या. घरात त्या दिवशी नेमका किती प्रकारचा धूर होता हे सांगता येणार नाही.) मी एक घोट घेऊन बघितला. सोड्यात ती खरंच बरी लागते. भाच्याला फोटो पाठवलाय, उत्तर नाही.

तर बाटली मामांकडे गेली. पंच्याहत्तरीला त्यांना हीच पाहिजे, बाल्व्हेनी नको म्हणाले. दुसरा लिटर मी माझ्यासाठी टॅलिस्कर सांगितलाय.

एक नवीन प्रश्न. बाटलीच्या डब्यात लिहिलंय की नोंदणी केली तर लाफ्रॉइगवाले आयलावर एक चौरस फूट जागा आपल्या नावे करतात. हे खरं आहे का? मामांनी नोंदणी करायला लावली आहे. आयुष्य दहा बाय बाराच्या खोलीत गेलं, म्हणाले, आता समुद्राजवळ जागा होतेय तर सोडायची कशाला. फक्त मेंटेनन्स किती ते विचारून ठेव.

बोटीवरचा

खरं आहे, आजीवन भाडेपट्टा असतो. मेंटेनन्स नाही. उलट तेच मामांना भाडं देणार, वर्षाला एक छोटा पेग. पण न्यायला स्वतः जावं लागतं.